टपालवाल्याचं पुढचं चाक

आमच्या दारावरून कोणी सायकल घेऊन गेलं, की मी न बघता सांगते, पुढच्या चाकाची तार ढिली आहे. शेजारचा पोरगा परवा हसला. म्हणाला, "आजी, तुम्हाला भाजीत मीठ कमी पडलेलं कळत नाही आणि तारेचं बरं कळतं!" मेल्या, मीठ मी मुद्दाम कमी घालते, माझा रक्तदाब वाढतो म्हणून. तारेचं कळतं, कारण ती मी एका माणसासाठी ऐकत होते, आणि तो माणूस मला फार थोडा काळ मिळाला. हे लिहायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. आता टाळायला पुढं वर्षंच उरली नाहीत, म्हणून बसले आहे.

माझं सासर मंगरूळपीरचं. आसेगावच्या रस्त्याला लागून घर, पुढं लांबलचक छपरी. सासरे बैलगाडीची चाकं करणारे सुतार. मधे लाकडी तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर गोल लाकडी पुठ्ठे आणि सगळ्यांत वरून लोखंडाची धाव. धाव चढवायच्या दिवशी अंगणात गोवऱ्यांची गोल आग लावत. तिच्यात धाव लाल करायची, सांडशीनं उचलून चाकावर बसवायची आणि वरून घागरींनी पाणी ओतायचं. लोखंड थंड होताना आवळतं, सगळे आरे आत दाबले जातात आणि चाक एकजीव होतं. मेडशीपासून लोक त्यांच्याकडे चाकं करायला यायचे. म्हाताऱ्याला त्याचा गर्व होता आणि तो असायलाच हवा होता.

त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, लाकूड तासायचं वाकस हातात धरायचं सोडून सायकली दुरुस्त करायचं मनावर घेतलं. त्या काळी नवऱ्याला नुसतं 'हे' म्हणायलासुद्धा जीभ रेटत नसे. पण आता तो मला नातू शोभेल एवढाच राहिलाय, म्हणून मी सरळ 'तो' म्हणते. तर तो दर्ग्याकडच्या एका मुसलमान उस्तादाकडे जाऊन काम शिकला आणि एक दिवस घरी छपरीच्या दुसऱ्या टोकाला खांबाला सायकलचा जुना, पुढचं चाक धरणारा चिमटा ठोकून त्यात चाक फिरवू लागला.

सासऱ्यांनी ते चाक बोटानं ढोसून पाहिलं. "हे चाक हाये काय बे? हे त गोल खाट हाये. सुतळीच्या जागी तारा लावल्या, झालं. सुताराचं पोरगं आन् खाटा विनून राह्यलं!"

तोही काही कमी नव्हता. म्हणाला, "बाबा, तुमचं चाक आऱ्यायवर उभं राह्यते. माह्यं तारायले लटकून राह्यते. दोन्ही चाकंच होत."

त्या दिवसापासून सासरे त्याच्याशी बोलेनासे झाले. एकाच छपरीत एका टोकाला बाप वाकसानं आरे तासतोय, दुसऱ्या टोकाला लेक तारा आवळतोय, आणि दोघांच्या पाठी एकमेकांकडे. काही सांगायचं असलं तर सासरे सासूबाईंना हाक मारत. "त्याले म्हणा, वाटेतून उठ." आणि 'तो' हाताच्या अंतरावर बसलेला. असा हट्ट मी जन्मात दुसरीकडे पाहिला नाही. बरं, छपरी सोडून दुसरीकडे बसावं म्हटलं, तर तेही करायचे नाहीत. मागच्या अंगणात लिंबाची चांगली सावली होती. पण नाही, म्हाताऱ्याला तिथंच बसायचं असे.

सायकलच्या चाकात सगळी खुबी ताणाची असते. प्रत्येक तारेच्या टोकाला रीममध्ये बारीक पितळी नट असतो, तो चावीनं फिरवला की तार आवळते. डावीकडची जास्त आवळली तर चाक डावीकडे झुकतं, उजवीकडची आवळली तर उजवीकडे. याला ते लोक 'आऊट' म्हणतात. आऊट डोळ्यांनी दिसतो, पण ताण दिसत नाही. तो तार बोटानं छेडून आवाजावरून ओळखायचा. सगळ्या तारांचा आवाज एक झाला म्हणजे चाक जमलं.

आणि इथंच माझ्या नवऱ्याचं घोडं अडायचं. लहानपणी त्याचे कान फुटले होते, बारीक फरक त्याला कळत नसे. माझ्या माहेरी वडील भजनात एकतारी धरायचे, ती लावताना मी मांडीशी बसून ऐकलेली. एकदा मी त्याला हळूच म्हटलं, "मघापासून तुमची एक तार बोंबलून राह्यली. कशी नाई कळत तुमाले?" त्यानं लगेच पुढची तार छेडली, "आन् हे?"

पण सासरे छपरीत असताना सुनेनं तोंड उघडायचं नाही, नवऱ्याशी तर नाहीच नाही. मग त्यानं युक्ती काढली. तो छपरीत तार छेडणार, मी आत चुलीपाशी हातातली भाकरी थांबवून ऐकणार. बांगड्या एकदा वाजवल्या म्हणजे तार ढिली. दोनदा वाजवल्या म्हणजे जास्त ताणली. काहीच वाजलं नाही म्हणजे बरोबर.

आमचा सगळा संसार असा भिंतीतून चालला म्हटलं तरी चालेल. कधी कधी तो मुद्दाम बरोबर लागलेली तारच टुणटुण वाजवत बसायचा. मी गप्प. तो परत वाजवायचा. शेवटी मी चिडून दोन्ही हात खळाखळा हलवायची आणि बाहेर त्याचं हसणं ऐकू यायचं. सासूबाई म्हणायच्या, "काय वं, भाकरी थापून राह्यली का नाचून राह्यली?"

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस होते. नव्या तारा मिळायच्या बंद झाल्या होत्या, जुन्याच पुसून घासून लावायच्या. आसेगावकडे टपाल नेणारा एक साधा, अबोल माणूस होता. त्याच्या सायकलचं पुढचं चाक गाडीच्या चाकोरीत अडकून मुडपलं. उस्तादाकडून कशीबशी एक रीम मिळाली. नवऱ्यानं जुन्या तारा त्यात ओवल्या, फेऱ्याफेऱ्यानं आवळत आणल्या. शेवटचा फेरा तेवढा राहिला होता. तो नेहमी हवेच्या नळीच्या भोकापासून सुरुवात करायचा. तिथल्या थोड्या तारा माझ्या कानानं बरोबर लागल्या. मग त्याच्या पोटात कळ आली आणि चावी चाकाखाली टाकून तो आत येऊन आडवा झाला.

गावात पटकी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

दारात बसवून बायकांनी माझ्या बांगड्या फोडल्या. एक काच मनगटात घुसली. कोणीतरी हळद दाबली. मला तेव्हा रडू आलं नाही, राग आला. कुणाचा ते मात्र आजही सांगता येणार नाही.

दहाव्याला बायका नदीवर जात नसत. तिथं काय झालं ते सासरे घरी येऊन सासूबाईंना सांगत होते, ते मी भिंतीआडून ऐकलं. पिंडाला कावळा शिवत नव्हता. "आईले सांभाळू" म्हणून झालं, "बायकोले अंतर देणार नाई" म्हणून झालं. कावळे झाडावर बसून होते. लोक उन्हात ताटकळले. कोणी म्हणालं, आता दर्भाचा कावळा करून लावा. तेव्हा सासरे उठले आणि पिंडापुढं हात जोडून म्हणाले, "तुह्यं चाक मी पुरं करतो. माह्या हातानं. तेरवीच्या आत." आणि कावळा उतरला.

मी पुढं शिकले, मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले, असल्या गोष्टींवर माझा फारसा भरवसा नाही. कावळ्याला भूक लागली असेल. पण सासऱ्यांचा भरवसा होता. वर्षभर ज्या पोराशी बोलले नाहीत त्याला त्यांनी शब्द दिला होता, आणि हा एक शब्द तरी त्यांना पाळायचा होता. दुसरं काही द्यायची वेळच निघून गेली होती.

त्याच संध्याकाळी उस्ताद भेटायला आले तेव्हा रडले आणि म्हणाले, "भाऊ, चाक मेरेकू देव. मैं बांध देता."

"नाई उस्ताद," सासरे म्हणाले. "माह्या हातानं म्हणून बोललो मी. दुसऱ्याचा हात लागला त थे खोटं होईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कामाला हात घातला. मी आतल्या खोलीत कोपऱ्यात बसलेली, मधे फक्त भिंत. पहिला आवाज ऐकला तो चावी उलटी फिरल्याचा. कुर्र, कुर्र. एकेक करून ते सगळ्या तारा सैल करत होते. नळीच्या भोकाजवळच्यासुद्धा. त्या तारांमध्ये त्याच्या हाताचा ताण होता हो! घरात त्याच्या हातचं तेवढंच तर जसंच्या तसं शिल्लक होतं. मी पदर तोंडात कोंबला. वाटलं, उठावं आणि चाक हिसकावून घ्यावं म्हाताऱ्याच्या हातातून. पण सून, त्यात सुतकातली. बसून राहिले.

मग धुराचा वास आला. दाराच्या फटीतून पाहिलं तर सासऱ्यांनी अंगणात गोवऱ्यांची गोल आग लावलेली. धाव तापवतात तशी ती बिचारी सायकलची रीम तापवत होते. जन्मभर जे केलं तेच हाताला येणार, दुसरं काय येणार! पाण्याचा थेंब नाचेल इतकी ती तापल्यावर त्यांनी तारा आवळल्या, अगदी घट्ट, आणि वरून तांब्यानं पाणी ओतलं. चर्र झालं. ते मान हलवून म्हणाले, "आता बसलं."

मी कपाळावर हात मारून घेतला. अहो, गाडीच्या चाकात लोखंड आवळलं की आऱ्यांवर दाब येतो, म्हणून ते घट्ट होतं. इथं तारा आतून ओढ धरून असतात. रीम थंड होऊन आवळली, की ओढच जाते. दुपारी त्यांनी बोटानं तार छेडली तर ती थपथप वाजली, ओल्या सुतळीसारखी. सगळ्याच. चाक हातात लुळं हलत होतं.

त्यांना काही समजेना. संध्याकाळी आग न करता त्यांनी नुसत्या ताकदीनं तारा आवळल्या. ढिलं पडतं म्हणजे आवळणं कमी पडतं, हा त्यांचा हिशेब. चाक आठाच्या आकड्यासारखं पिळलं आणि एक तार टणकन तुटली. सासूबाई घाबरून बाहेर धावल्या. बाजारात तार मिळणार नव्हती. सासऱ्यांनी पोराच्या पत्र्याच्या डब्यात हात घालून शोधलं, तळाशी एक सापडली. ती त्यांनी धोतराच्या सोग्यात गुंडाळून ठेवली. पुढची तुटली तर शब्द गेलाच, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

आणि त्याच रस्त्यानं टपालवाला रोज टपालाची थैली खांद्याला मारून पायी जायचा. आमच्या दारासमोर आला की मान खाली घालायचा आणि भरभर पुढं निघायचा, आपण दिसलो तर यांना घाई वाटेल म्हणून. भला माणूस! पण त्याच्या त्या खाली घातलेल्या मानेनंच सासरे जास्त खचत.

तेरवीचा आदला दिवस आला. अंगणात बायका दुसऱ्या दिवशीच्या पंगतीचे तांदूळ निवडत होत्या. सासऱ्यांनी डब्यातली ती तार बसवली, सकाळपासून थोडं थोडं आवळत चाक पुन्हा गोल फिरण्याजोगं आणलं. आणि मग मी तो आवाज ऐकला. टुण्. आणि मग काहीच नाही. पुन्हा टुण्. पुन्हा शांत. ते एकेक तार छेडत होते आणि थांबत होते.

तार ढिली होती. मला ऐकू येत होतं. माझा हात आपोआप उचलला गेला आणि तसाच राहिला. मनगट मोकळं. वाजायला काही नव्हतंच. आणि वाजलं नाही म्हणजे बरोबर, असा आमचा कायदा! म्हणजे आता या घरात प्रत्येक चुकलेल्या तारेला मी बरोबरच म्हणत बसणार होते, जन्मभर.

मी उठले. दारापर्यंत गेले. डोक्यावरचा पदर सावरला आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा सासऱ्यांशी बोलले.

"ढिली हाये, मामाजी."

अंगणातलं सूप थांबलं. एक चुलतसासू म्हणाली, "अगं बाई, सुतकातली सून, आन् सासऱ्यासमोर..." सासूबाईंनी तांदळातून मान वर केली नाही. "बोलू द्या तिले," एवढंच म्हणाल्या.

सासऱ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. पुढची तार छेडली. "हे?"

"हे जास्त झाली."

"आन् हे?"

"हेबी ढिली."

त्यांनी चावी आपटली. "काहून पडते मंग ढिली? तापवून आवळलं, जोर लावून आवळलं. साठ वर्साचा झालो, चाकं करून करून हाडं झिजले माह्ये. हे चाक काहून आयकत नाई माह्यं?"

माझा मूळचा स्वभाव आडवा, तो कुठं जाणार! मी म्हटलं, "मामाजी, तुमीच म्हनत होते ना, गोल खाट हाये म्हनून? मंग खाट कोणी तापवून आवळते काय? का एकाच बाजूनं जोर लावून ओढते?"

सासरे चाकाकडे बघत राहिले. मग बोटानं एक तार वर उचलल्यासारखी केली, आणि तिच्या समोरची खालची. "खाट," ते पुटपुटले. "माणूस उभा नाई राह्यत तिच्यावर. लटकते." थोड्या वेळानं म्हणाले, "त्यानं सांगतलं होतं मले. बाबा, लटकून राह्यते म्हणे. मी आयकलं नाई."

आणि तो म्हातारा, ज्यानं नदीवर डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं, चाकावर कपाळ टेकवून हमसून हमसून रडला. मीही रडले, दारातच उभी राहून. बरं वाटलं रडून.

मग आम्ही चाक लावलं. आधी सगळ्या तारा सैल. मग खाटेची दोरी ओढतात तसं, थोडं इकडचं, थोडं समोरचं, कुठल्याच तारेवर रागवायचं नाही. फेऱ्यामागून फेरा. मधे ते जोडी-जोडीनं तारा मुठीत दाबून पाहत, दबलेला पीळ सुटला की कट् आवाज येई, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून ऐकायचं. मला अडचण एकच होती. सगळ्या तारा एका आवाजाच्या करायच्या, पण कुठल्या आवाजाच्या? त्याच्या हातच्या तारा तर राहिल्या नव्हत्या. मग मी डोळे मिटले, चुलीपाशी बसले आहे असं मनात आणलं, आणि तो मला चिडवायला जी तार वाजवत बसायचा तिचा आवाज आठवला. तो होता. कानात अगदी जागच्या जागी होता. "याच्यावर लावा," म्हणून मी तो गुणगुणून दाखवला.

टपालवाला दुसऱ्या दिवशी पंगतीला पायी आला आणि सायकलवर गेला. लढाई संपेपर्यंत त्यानं त्या चाकाला चावी लावू दिली नाही कोणाला. पण मला सांगायचंय ते आदल्या दुपारचंच. ऊन उतरत आलं होतं. आऊट बघायला शेजारी धरलेल्या खडूच्या टोकाला कुठंच न घासता चाक फिरत होतं. थोड्याच तारा ऐकायच्या राहिल्या होत्या. सासरे चावी पुसता पुसता, माझ्याकडे न बघताच म्हणाले,

"एकदा म्हंजे ढिली. दोनदा म्हंजे जास्त. होय ना?"

"तुमाले कसं ठाऊक, मामाजी?"

"मी काय बहिरा हावो? पोराशी बोलनं सोडलं होतं, पोरी. तुमा दोघायचं बोलनं रोज आयकत होतो. मांग लिंबाची सावली होती, तरी हितंच काहून बसत होतो मी?"

सासऱ्यांनी शेवटची तार छेडली. नळीच्या भोकाजवळची, जिथून तो नेहमी सुरुवात करायचा ती. छेडली आणि बोट अधांतरी ठेवून थांबले.

मी गप्प राहिले.

त्यांनी चावी खाली ठेवली. "आलं आयकू," ते म्हणाले.